एक डोस, एक सही

यंदाच्या अंकाचा विषय 'न घडलेलं' असा ठरलाय, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. कथा-कवितावाल्यांची त्यानं चांगली सोय झाली. पण ज्याला जाऊन, बघून, विचारून लिहायचं असतं, त्यानं न घडलेल्या गोष्टीकडं बघायचं कसं? मग स्कॉटलंडची एक बातमी आठवली. तिथं २००८ पासून शाळांमधून मुलींना एचपीव्ही या विषाणूवरची लस देतात. २०२४ मध्ये संशोधकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या पहिल्या तुकड्यांमधल्या मुली मोठ्या, कर्त्यासवरत्या झाल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीलाही गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग झालेला नव्हता. ती बातमी एका शून्याची होती.

आपल्याकडचा अंदाज असा: २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना या कर्करोगाचं निदान झालं आणि सुमारे ८० हजार जणी त्यानं गेल्या. त्यातल्या बहुतेक जणी घर चालवण्याच्या वयातल्या. या आजाराचं कारण माहीत आहे, त्यावर लस आहे, तो होण्याआधी पकडणारी तपासणी आहे. तरीही हे घडतं. म्हणून मी बार्शीची एसटी धरली. एकच डोस पुरतो का, या प्रश्नाचं उत्तर आज जगभरात ज्या पुराव्यावर दिलं जातं, त्यातला एक धागा सोलापूर जिल्ह्यातल्या या ज्वारीच्या बाजारपेठेतून निघतो.

बार्शीचं रजिस्टर

बार्शी म्हटलं की भगवंताचं देऊळ आणि ज्वारी आठवते. जुन्या माणसांना लाइट रेल्वे आठवते. कर्करोगाच्या जगात मात्र बार्शी म्हणजे १९८७. त्या वर्षी इथं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कुणाला कर्करोग झाला, कोणता झाला, पुढं काय झालं, हे लिहून ठेवायचं. मुंबईत हे सोपं असतं. रुग्णालयात जायचं, केसपेपर उतरवून घ्यायचे. इथं बाई रुग्णालयापर्यंत येतच नव्हती. मग तिची नोंद व्हायची कशी?

डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पथकानं उलटा रस्ता धरला. कार्यकर्ते गावोगाव जायचे, पाटलाला, शिक्षकाला, दाईला भेटायचे आणि बायकांना एकत्र बसवायचे. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जातंय का, संबंधानंतर रक्त दिसतं का, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास येतो का, असं विचारत जायचे. हे नुसतं नोंदी घेणं नव्हतं, गावाशी बोलणं होतं. त्याचा परिणाम नोंदींतच दिसला. बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. कुठलंही नवं यंत्र आणलं नव्हतं, फक्त कुणीतरी नीट विचारलं होतं.

याच पायावर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात मोठा अभ्यास उभा राहिला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यात होती. नेतृत्व डॉ. आर. शंकरनारायणन यांचं. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्यात आल्या. काही गटांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पेशी बघणारी पॅप चाचणी, काहींत व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी बघायची तपासणी, आणि उरलेल्या गटांत नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू, आणि चाचणी न झालेल्या, थोड्या लहानच गटात ६४. तुलनेसाठी त्या गटाला तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, यावर पुढं वाद झाला. माझ्या मते तो व्हायलाच हवा होता. पण जगभरच्या डॉक्टरांनी हा निकाल वाचला. परंडा-भूमच्या बायकांच्या अंगानं आलेलं हे ज्ञान आहे, हे परंडा-भूमला मात्र फारसं कुणी सांगितलेलं नाही.

सापाची कात

या आजाराबद्दल एक खूण फार पूर्वीच दिसली होती. १८४२ मध्ये इटलीतल्या वेरोना शहराचे मृत्यूचे दाखले चाळताना रिगोनी-स्टर्न या डॉक्टरला दिसलं की नन्सना हा कर्करोग जवळपास होतच नाही. म्हणजे शरीरसंबंधाशी काहीतरी नातं आहे. बराच काळ संशय नागिणीच्या जातीतल्या एका विषाणूवर होता. हॅराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन संशोधकानं चामखिळीच्या विषाणूंच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, कुळाकडं बोट दाखवलं, तेव्हा लोक हसले. १९८३-८४ मध्ये त्यानं या कुळातले १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार कर्करोगाच्या गाठींतून वेगळे काढले. २००८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. जगातल्या अशा दहा कर्करोगांपैकी सातांच्या मागं हेच दोन प्रकार असतात. भारतात हे प्रमाण आणखी जास्त आहे.

विषाणू मात्र दुर्मीळ नाही. जवळिकीतून, नुसत्या त्वचेच्या स्पर्शानंही, तो जातो आणि संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी होऊन जातो. चारित्र्याशी त्याचा संबंध जोडणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, मग तो शिकलेल्या तोंडून आला तरी. दहापैकी नऊ वेळा शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकून लावतं. उरलेल्यांत तो पिशवीच्या तोंडाशी मुक्काम ठोकतो आणि पंधरा-वीस वर्षं गुपचूप पेशी बिघडवत राहतो. आजार इतका संथ आहे, म्हणून तर तो वाटेत पकडता येतो.

लशीत विषाणू नसतोच, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. त्याच्या आवरणाचं एकच प्रथिन यीस्टसारख्या पेशींत वाढवतात. ते आपलं आपण गोळा होऊन हुबेहूब विषाणूच्या आकाराचं पोकळ कवच बनतं. ही युक्ती ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी आणि अमेरिकेत डग्लस लोवी आणि जॉन शिलर यांनी साधली. साप निघून गेल्यावर मागं राहिलेली कातच म्हणा ना. अंग तेच, नक्षी तीच, आत विष नाही. शरीर ती कात बघून साप ओळखायला शिकतं. पण हे शिक्षण साप घरात शिरण्याआधी व्हायला हवं, म्हणून नऊ ते चौदा हे वय. आधीच झालेला संसर्ग ही लस बरा करत नाही.

खम्ममच्या सह्या

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती लशीची कमी आणि कागदाची जास्त आहे.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत ही लस मुलींना देऊन बघण्याचा प्रकल्प सुरू झाला. 'पाथ' ही अमेरिकी संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद हे तो चालवत होते. खम्ममच्या मुलींपैकी बऱ्याच जणी आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. प्रकल्पाच्या काळात दोन्हीकडं मिळून सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत कारणं निघाली ती सर्पदंश, बुडणं, विषप्राशन, हिवताप अशी. लशीशी संबंध आढळला नाही. पण चौकशीनं दुसरी एक गोष्ट उघड केली. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार, आंध्रातल्या तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. आई-बापांना विचारलंच नव्हतं.

महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी यावर रान उठवलं, सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांना लसविरोधी म्हणून मोडीत काढण्याची फॅशन आहे. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या लेकीच्या दंडात सुई टोचायची तर तिच्या आईला विचारायला हवं, यात विरोधी काय आहे? ज्यांनी घाईघाईनं वॉर्डनच्या सह्या गोळा केल्या, त्यांनी या लशीचं जितकं नुकसान केलं, तितकं कुठल्याही अफवेनं केलेलं नाही.

एप्रिल २०१० मध्ये सरकारनं देशातल्या एचपीव्ही लशीच्या सगळ्या चाचण्या एका फटक्यात थांबवल्या. त्यात एक वेगळाच अभ्यास सापडला. त्याचा खम्ममशी काही संबंध नव्हता. बार्शी, पुणे, मुंबई, अहमदाबादपासून सिक्कीम-मिझोरामपर्यंतच्या केंद्रांत तो चालू होता. तीन डोसांऐवजी दोन पुरतील का, हे बघायचं होतं आणि दहा ते अठरा वयाच्या १७,७०० हून जास्त अविवाहित मुलींना डोस सुरू झाले होते. हुकूम आला तेव्हा कुणाचे तीन झाले होते, कुणाचे दोन, आणि जवळपास पाच हजार मुलींचा फक्त एक. पुढचा डोस द्यायला मनाई.

संशोधकांच्या दृष्टीनं अभ्यासाचं मातेरं झालं होतं. त्यांनी दुकान बंद केलं असतं तर कुणी दोष दिला नसता.

सासरी गेलेल्या मुली

त्यांनी दुकान बंद केलं नाही. एक डोस घेतलेल्या त्या मुलींचं पुढं काय होतं, हे बघत राहायचं ठरवलं. डॉ. पार्थ बसू आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर राहिले. हे काम किती किचकट आहे, ते आपल्या समाजात वाढलेल्यालाच कळेल. एचपीव्ही शरीरात टिकून राहिला का, हे बघायला पिशवीच्या तोंडाचा नमुना घ्यावा लागतो आणि तो अविवाहित मुलीचा घेता येत नाही. म्हणून नियम ठरला: लग्नानंतर अठरा महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. आता मुलीचं लग्न झालं की ती गावात राहते थोडीच? आडनाव बदलतं, नंबर बदलतो, कधी नावसुद्धा. बार्शीची मुलगी पुण्यात भोसरीला जाते, नाहीतर लातूरला. तिला शोधायचं, सासरच्यांसमोर विषय काढायचा आणि तपासणीला आणायचं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, ही रीत अशा वेळी शोधणाऱ्यांच्या कामी येते.

२०२१ मध्ये 'लान्सेट ऑन्कॉलॉजी'त निष्कर्ष आले, सरासरी नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे. १६ आणि १८ या प्रकारांचा टिकाऊ संसर्ग रोखण्यात तीन डोसांची परिणामकारकता ९३.३ टक्के, दोनांची ९३.१ आणि एकाची ९५.४. म्हणजे फरक नाहीच. केनियातला आणि कोस्टारिकातला अभ्यासही तेच सांगत होता. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की ९ ते २० वयोगटात एक डोसही चालेल. त्यानंतर कित्येक देशांनी आपले कार्यक्रम एका डोसावर आणले. निम्म्या पैशात तितक्याच मुली, किंवा तितक्याच पैशात दुप्पट. सरकारी हुकमानं अर्धवट राहिलेल्या आपल्या पाच हजार मुलींचा यात केवढा वाटा आहे! त्यांच्यातल्या किती जणींना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

कन्याशाळेत

मराठवाड्याच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी, देणगीतून मिळालेल्या लशींचं शिबिर होतं. सुया टोचायच्या आदल्या आठवड्यात पालकसभा होती. मला टोचण्यापेक्षा ती सभा बघायची होती.

चित्रकलेच्या वर्गात पस्तीस-चाळीस आया, चार बाप. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी पडदा, स्लाइड काही आणलं नव्हतं. फळ्यावर खडूनं पिशवी काढली, तिच्या तोंडाशी गोल केला आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही विचारा." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक आवाज आला, "आवं मॅडम, हिला पुढं लेकरूबाळ व्हायला काय अडचण यायची न्हाई ना?" सगळ्या वर्गाच्या मनातलं तेच होतं. मॅडमनी सांगितलं की जगात कोट्यवधी डोस दिले गेलेत, त्यावर नजर ठेवून असलेल्यांना वंध्यत्वाशी काही संबंध सापडलेला नाही. वर त्या म्हणाल्या, "उलट पिशवीच्या तोंडाला गाठ झाली तर पिशवीच काढावी लागते. मग लेकरू कुठून?" वर्गात हालचाल झाली.

पाळी चालू असली तर चालतं का? चालतं. ताप येतो का? एखादा दिवस, दंड दुखतो, ठणकतो. घरात कुणालाच कॅन्सर नाही, तरी? तरीही, हा आजार रक्ताच्या नात्यातून येत नाही. एका बापानं घसा साफ करत विचारलं, "पण मॅडम, ती अजून सातवीत आहे." पुढचं वाक्य त्याला म्हणवेना. मॅडमनी ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं नाही. म्हणाल्या, "पोलिओचा डोस आपण पोलिओ झाल्यावर देतो का? दहाव्या वर्षी शरीर लस चांगली उचलतं, विसाव्या वर्षी तेवढं उचलत नाही. लग्न कधी करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." उत्तर पुरेसं होतं. मुलीच्या वयाचा, लाजेचा विषय त्यांनी टाळला नाही आणि चघळलाही नाही.

संमतीचा कागद मराठीत, एकाच पानाचा होता. तो तिथं सही करून द्यायचा नव्हता, घरी न्यायचा होता. "सासूला दाखवा, नवऱ्याला दाखवा, नाही म्हणायचं तर नाही म्हणा," असं मॅडमनी बजावलं. काही कागद कोरेच परत आले. त्या मुलींना कुणी काही विचारलं नाही.

शिबिराच्या दिवशी सिस्टरांचं पहिलं फर्मान: खिचडी खाल्ल्याशिवाय रांगेत उभं राहायचं नाही. त्याला कारण आहे. किशोरवयात सुई बघून चक्कर येणं सर्रास असतं आणि एक पडली की मागच्या पाच पडतात. २०१४ मध्ये कोलंबियातल्या एल कार्मेन गावात शेकडो मुली अशाच कोसळल्या, हात-पाय बधिर झाल्याचं सांगू लागल्या, चित्रफिती देशभर पसरल्या. तपासात लशीचा दोष निघाला नाही, पण ज्या देशात जवळजवळ सगळ्या मुली पहिला डोस घेत होत्या, तिथं दोन वर्षांत हे प्रमाण १४ टक्क्यांवर आलं. जपानात २०१३ मध्ये सरकारनंच शिफारस मागं घेतली. सत्तर टक्क्यांवरचा आकडा एक टक्क्याच्याही खाली घसरला आणि शिफारस परत यायला २०२२ उजाडलं. म्हणून इथं टोचायचा वर्ग वेगळा, थांबायचा वेगळा, मध्ये पडदा, आणि टोचून झालेली मुलगी रांगेतल्या मुलींच्या समोरून जात नाही. अर्धा तास बाकावर बसायचं. बसल्या बसल्या मेंदीच्या डिझाइनवरून वाद चालला होता.

लशीचा डबा सावलीत. ती दोन ते आठ अंशांत ठेवायची आणि गोठू मात्र द्यायची नाही. लोकांना वाटतं बर्फ जितका जास्त तितकं चांगलं. उलट आहे. या लशीत अॅल्युमिनियमचे क्षार असतात, गोठली की ते गुठळ्या होऊन तळाशी बसतात आणि लस निकामी होते. म्हणून बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढल्या काढल्या डब्यात भरत नाहीत. त्यांना आधी घाम फुटू देतात, हलवून आत पाणी खळखळतंय का ऐकतात, मगच भरतात. सिस्टर एकेक पिशवी कानाशी धरून हलवत होत्या.

कोयत्याचा हिशेब

एका डोसाचं महत्त्व मला प्रयोगशाळेच्या आकड्यांपेक्षा त्या शाळेच्या हजेरीपटानं जास्त पटवलं. दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, नगरच्या गावांतून कोयता घेतलेली जोडपी कारखान्यांच्या फडांवर जातात, पोरं सोबत. परत यायला उन्हाळा उजाडतो. दोन डोसांत सहा महिन्यांचं अंतर ठेवा. पहिला घेतलेली मुलगी दुसऱ्याच्या वेळी सांगली किंवा कर्नाटकात असते. ज्या मुलींच्या आयांपर्यंत तपासणी कधीच पोचली नाही, त्याच मुलींचा दुसरा डोस हमखास चुकतो.

याच बायकांबाबत आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण केलं, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. अंगावर पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी जणींना "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली होती. जिथं खऱ्या तपासणीला पाच मिनिटं आणि चमचाभर सौम्य आम्ल पुरलं असतं, तिथं तिशीतल्या बाईची पिशवी गेली. तेव्हा याच गावांत कुणी "कॅन्सरची लस" म्हणत गेलं आणि दारं बंद झाली, तर नवल करू नये. आधीच्या भीतीचं बिल नंतरच्या आशाताईला भरावं लागतं.

काम नीट केलं तर होतं, याचा दाखला सिक्कीम देतं. २०१८ मध्ये त्या राज्यानं ९ ते १३ वयाच्या मुलींना शाळांमधून लस दिली. आधी शिक्षक, मग पालक, मग पत्रकार, सगळ्यांशी बोलून घेतलं. ९५ टक्क्यांहून जास्त मुलींना दोन्ही डोस मिळाले. महाराष्ट्राइतकी लोकसंख्या नाही हे खरं, पण डोंगरातले रस्ते आपल्यापेक्षा सोपे आहेत असंही नाही.

पुण्याची कुपी आणि घरचा हिशेब

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या देशी लशीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, २०२३ च्या जानेवारीत ती आली. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर ती चालते, मुलींना आणि मुलग्यांनाही. मुलग्यांना कशाला, हा प्रश्न पालकसभेत चार बापांपैकी एकानंही विचारला नाही, म्हणून इथं सांगते: घशाचे, गुदद्वाराचे, शिश्नाचे काही कर्करोग याच विषाणूमुळं होतात, आणि बायकोपर्यंत तो पोचतो तो बहुधा नवऱ्याकडूनच. खासगीत देशी लशीचा डोस दोन हजारांच्या आसपास पडतो. नऊ प्रकारांवरची परदेशी लस दहा हजारांच्या घरात. २०२२ मध्येच केंद्राच्या तज्ज्ञ गटानं सरकारी लसीकरणात या लशीचा समावेश करायची शिफारस केली. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाचा उल्लेख केला. दुसऱ्याच दिवशी एका अभिनेत्रीच्या मृत्यूची खोटी बातमी जागृतीच्या नावाखाली पसरवली गेली आणि देशभर चर्चा झाली ती त्या खोटेपणाची.

लस मुलीसाठी. आईचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ही तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा नव्हत्या. चित्रकलेच्या वर्गातल्या आयांना मी विचारलं, तर एकीनं हात वर केला. तीही नर्स निघाली.

तेव्हा दिवाळीला माहेरी आलेल्या, किंवा माहेरवाशिणींची वाट बघणाऱ्या वाचकांना सांगते. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर लस कुठं, केव्हा आणि किती डोसांत मिळते हे गावच्या आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पंधरा ते सव्वीस वयाच्या मुलींनी, मुलग्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. लस घेतली म्हणून तपासणी सुटत नाही, कारण विषाणूचे सगळेच प्रकार लशीत नाहीत. तिशी ओलांडलेल्या बाईनं काही त्रास नसतानाही तपासून घ्यावं. सरकारी रुग्णालयात आम्ल लावून करायची तपासणी मोफत होते, भूल लागत नाही, दाखल व्हावं लागत नाही. फक्त पाळीचे दिवस सोडून जावं.